लहान शहरातून सबसिडीचा आरोग्य विमा निवडताना: आधी डॉक्टर, मग उत्पन्न, हप्ता सगळ्यात शेवटी

अमेरिकेतलं आमचं कोलंबस ओहायोतलं नव्हे, इंडियाना राज्यातलं. बार्थोलोम्यू काउंटी, गावाची वस्ती जेमतेम पन्नास हजार. इंजिनं बनवणाऱ्या कमिन्सचं मुख्यालय इथे आहे आणि कंपनीचं पुण्याशी नातं किर्लोस्कर कमिन्सच्या दिवसांपासूनचं, त्यामुळे मक्याच्या शेतांनी वेढलेल्या या गावात दुकानाच्या रांगेत मागून मराठी ऐकू आली तर कुणाला नवल वाटत नाही. बहुतेक मराठी घरं कंपनीच्या विम्यावर असतात. ते छत्र गेलं की प्रश्न सुरू होतात. कुणाची नोकरी जाते, कुणी स्वतःचा धंदा काढतं, कुणी साठीच्या आत निवृत्त होतं, कुणाचे आई-बाबा ग्रीन कार्डावर कायमचे येतात.

माझ्या नवऱ्याने अठ्ठावन्नाव्या वर्षी नोकरी सोडली. मी घरून हिशेबाची कामं करते. ६५ वर्षं पूर्ण झाल्यावर मेडिकेअर, म्हणजे वयस्कांचा सरकारी विमा मिळतो. तोवर आमचा विमा मार्केटप्लेसचा, म्हणजे स्वतःचा विमा विकत घ्यायच्या सरकारी बाजारपेठेतला. उत्पन्न बसलं तर तिथे हप्त्यासाठी सरकारी सबसिडी मिळते. तेव्हापासून दर नोव्हेंबरला दोन-चार घरं लॅपटॉप घेऊन आमच्या जेवणाच्या टेबलाशी येतात. सगळ्यांचं पहिलं वाक्य तेच असतं: "काकू, सगळ्यात स्वस्त हप्ता कुठला?" मी लॅपटॉप बाजूला ठेवायला सांगते आणि कागदावर दोन गोष्टी लिहून घेते. रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर कुठल्या दवाखान्यात जाणार? आणि यंदा घरात एकूण किती उत्पन्न येणार? या दोन उत्तरांवर बाकी सगळं ठरतं.

थोडी पार्श्वभूमी

२०१० च्या अफोर्डेबल केअर अ‍ॅक्टमुळे, म्हणजे लोक ज्याला ओबामाकेअर म्हणतात त्या कायद्यामुळे, १ जानेवारी २०१४ पासून मार्केटप्लेसचा विमा सुरू झाला. जुना आजार आहे म्हणून इथे विमा नाकारता येत नाही, मधुमेह आहे म्हणून हप्ता वाढवता येत नाही. हप्ता ठरतो तो वयावर, तुम्ही राहता त्या भागावर, घरातल्या माणसांवर आणि तंबाखूवर. वयाने हप्ता वाढतो, पण मोठ्यांतल्या सर्वांत लहान वयाच्या तिपटीहून जास्त नाही. तंबाखूचा प्रश्न आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना नीट समजावून विचारा. गेल्या सहा महिन्यांत आठवड्यातून सरासरी चार किंवा जास्त वेळा वापर असेल तर उत्तर 'हो' द्यायचं. त्यात सिगारेटच नव्हे, चघळायचा तंबाखू आणि मिश्रीही आली. बऱ्याच राज्यांत त्यापायी हप्ता दीडपटीपर्यंत जाऊ शकतो.

इंडियानाचं काम हेल्थकेअर डॉट गव्ह या केंद्राच्या संकेतस्थळावर चालतं. काही राज्यांची स्वतःची बाजारपेठ आहे: कॅलिफोर्नियाची कव्हर्ड कॅलिफोर्निया, पेनसिल्व्हेनियाची पेनी, न्यू जर्सीची गेट कव्हर्ड न्यू जर्सी. तुम्ही कुठेही असा, हेल्थकेअर डॉट गव्ह उघडून राज्य सांगा, ते योग्य जागी पाठवतं. पत्ता स्वतः टाइप करा. शोधयंत्रात 'स्वस्त आरोग्य विमा' असं टाकलं की वर येणाऱ्या जाहिरातींमध्ये फोन नंबर गोळा करणारे दलाल फार असतात, आणि एकदा नंबर दिला की महिनाभर फोन थांबत नाही.

नोंदणी १ नोव्हेंबरला सुरू होते. २०२६ पर्यंतच्या पॉलिसींसाठी केंद्राच्या संकेतस्थळावर ती १५ जानेवारीपर्यंत चालायची. २०२७ च्या पॉलिसीपासून ती १५ डिसेंबरलाच संपते, म्हणजे दिवाळीनंतर निवांत बघू म्हणायला आता जागा उरलेली नाही.

पहिली पायरी: 'घर' म्हणजे कोण, आणि सबसिडी कुणाला

मार्केटप्लेसच्या भाषेत एका टॅक्स रिटर्नवर जेवढी माणसं, तेवढं घर. एका छताखाली कोण राहतं याला महत्त्व नाही. मुलाच्या घरी राहणारे आई-बाबा स्वतःचं रिटर्न भरत असतील तर त्यांचं घर दोघांचं. मुलाने त्यांना आपल्या रिटर्नवर अवलंबित दाखवलं तर ती माणसं मुलाच्या घरात मोजली जातात, आणि मुलाचा पगारही त्यांच्या हिशेबात येतो. नवरा-बायकोंनी रिटर्न एकत्र भरलंच पाहिजे. वेगवेगळं भरलं तर अगदी मोजके अपवाद सोडता सबसिडी मिळत नाही.

जोडीदाराच्या कंपनीचा विमा मिळत असेल तर तोही तपासला जातो. २०२६ साठी कसोटी अशी: फक्त कर्मचाऱ्याच्या विम्याचा हप्ता घराच्या उत्पन्नाच्या ९.९६ टक्क्यांच्या आत असेल तर कर्मचाऱ्याला सबसिडी नाही. कुटुंबासाठी २०२३ पासून वेगळा हिशेब होतो. सगळ्या कुटुंबाचा हप्ता त्या मर्यादेपलीकडे जात असेल तर बायको-मुलांना मार्केटप्लेसमधून सबसिडी मिळू शकते. पूर्वी हे दार बंद होतं, आणि अजूनही कित्येकांना ते उघडल्याचं ठाऊक नाही. मनुष्यबळ विभागाकडून दोन्ही आकडे लेखी मागवून घ्या.

आता व्हिसाचं. २०२६ पर्यंत एच-१बी (नोकरीचा व्हिसा), एच-४ (त्यांच्या जोडीदार-मुलांचा), ओपीटीवरचा (शिक्षणाशी जोडलेल्या कामाच्या परवानगीवरचा) विद्यार्थी असे कायदेशीर वास्तव्य असलेले लोक उत्पन्न बसत असेल तर सबसिडी घेऊ शकतात. २०२५ च्या जुलैमध्ये झालेल्या कायद्याने १ जानेवारी २०२७ पासून हे बदलतं. सबसिडी नागरिकांना, ग्रीन कार्डधारकांना आणि ठरावीक देशांच्या एक-दोन गटांनाच उरते. ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित आहे आणि कामाचा परवाना हातात आहे, एवढं तेव्हा पुरणार नाही. विमा पूर्ण किमतीत घेता येईल, पण सबसिडी धरून बजेट मांडलेल्या घरांनी हे आत्ताच वहीत लिहून ठेवावं. पाहुणे म्हणून सहा महिने आलेल्या आई-बाबांसाठी मार्केटप्लेस नाहीच. त्यांच्यासाठी व्हिजिटर विमा वेगळा घ्यायचा.

दुसरी पायरी: डॉक्टर आणि दवाखाना

नेटवर्क म्हणजे विमा कंपनीशी करार असलेले डॉक्टर आणि रुग्णालयं. शिकागोत नेटवर्क चुकलं तर माणूस दोन मैलांवरच्या दुसऱ्या रुग्णालयात जातो. आमच्यासारख्या गावात मोठं रुग्णालय एकच असतं. मुलाच्या हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोगाचे अवघड उपचार, अवयव बदलणं यासाठी पाऊण तासावर इंडियानापोलिस गाठावं लागतं. म्हणून लहान शहरात प्लॅन तपासताना प्रश्न दोन: गावातलं रुग्णालय नेटवर्कमध्ये आहे का, आणि मोठ्या शहरातलं जिथे आपल्याला पाठवतील ते आहे का?

मार्केटप्लेसवरचे बरेच प्लॅन एचएमओ किंवा ईपीओ असतात. नेटवर्कबाहेर गेलात तर, तातडीची वेळ सोडून, ते साधारणपणे काहीच देत नाहीत. एचएमओत तज्ज्ञाकडे जायला घरच्या डॉक्टरची चिठ्ठीही बहुधा लागते. बाहेरही थोडं देणारे पीपीओ लहान काउंटीत अनेकदा मिळतच नाहीत.

दुसऱ्या वर्षी माझी मोठी चूक झाली. एका कंपनीच्या यादीत नवऱ्याच्या मधुमेहाच्या तज्ज्ञ डॉक्टरांचं नाव होतं. मी यादीवर विसंबले. जानेवारीत वेळ घ्यायला फोन केला तेव्हा कळलं की त्या डॉक्टर उन्हाळ्यातच गाव सोडून गेल्या होत्या. नेटवर्कमधल्या पुढच्या तज्ज्ञ साठ मैलांवर. वर्षभर दर तीन महिन्यांनी तेवढी फेरी मारली, त्यातली एक बर्फात. तेव्हापासून यादी हा माझ्यासाठी फक्त पहिला इशारा असतो, खात्री फोनवरच करते.

फोन डॉक्टरांच्या दवाखान्यात करायचा आणि बिलाचं काम बघणाऱ्या माणसाशी बोलायचं. "तुम्ही अमुक कंपनी घेता का?" असं विचारू नका. उत्तर 'हो' येतं आणि त्याचा उपयोग होत नाही, कारण तीच कंपनी कमिन्ससारख्या मालकांना एक नेटवर्क विकते आणि मार्केटप्लेसवर दुसरं, बहुतेकदा लहान. प्लॅनचं पूर्ण नाव वाचून दाखवा आणि विचारा: "मार्केटप्लेसवरच्या या नावाच्या प्लॅनसाठी पुढच्या जानेवारीपासून डॉक्टर नेटवर्कमध्ये आहेत का? नवे रुग्ण घेतात का?" तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव टिपून ठेवा. रुग्णालयालाही हाच प्रश्न करा.

औषधांचंही असंच. प्रत्येक प्लॅनची औषधांची यादी असते. संकेतस्थळावर औषधांची नावं भरली की कुठला प्लॅन कुठलं औषध देतो ते दिसतं. इन्शुलिन, थायरॉईडची गोळी, दम्याचा पंप यांचं नाव, ताकद आणि ब्रँड डबीवरून बघून भरा. आठवणीवर नको. 'आधी मंजुरी लागेल' अशी खूण दिसली तर डॉक्टरांना डिसेंबरातच सांगून ठेवा.

एक दिलासा आहे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नो सरप्रायझेस अ‍ॅक्टमुळे तातडीच्या उपचारांसाठी नेटवर्कबाहेरच्या रुग्णालयात नेलं तरी ते वरचा फरक तुमच्या गळ्यात घालू शकत नाहीत. नेटवर्कमधल्या रुग्णालयात भूल देणारा डॉक्टर बाहेरचा निघाला तरी तसंच. हवाई रुग्णवाहिका यात आहे, रस्त्यावरून धावणारी नाही. आमच्या गावाहून इंडियानापोलिसला रुग्ण हलवायचा तर प्रवास रस्त्याचाच असतो, त्यामुळे प्लॅनच्या कागदात रुग्णवाहिकेची ओळ मुद्दाम शोधा. आणि भारतात गेल्यावर हे बहुतेक प्लॅन काही देत नाहीत. लग्नसराईला पुण्याला जाताना प्रवास विमा काढूनच निघा.

या पायरीनंतर दहा-बारा प्लॅनपैकी हाती तीन-चार उरतात. हप्ता अजूनही बघायचा नाही.

तिसरी पायरी: उत्पन्नाचा अंदाज

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माझ्या टेबलाशी येणाऱ्यांची सगळ्यात महागडी चूक इथेच होते.

सबसिडी म्हणजे करातली सवलत, फक्त वर्षभर दरमहा आगाऊ मिळणारी. ती ठरते पुढच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या अंदाजावर, आणि खरा हिशेब त्यानंतरच्या एप्रिलपर्यंत रिटर्नमध्ये होतो. उत्पन्नाची तुलना केंद्राच्या दारिद्र्यरेषेशी करतात. २०२६ च्या पॉलिसीसाठी ही रेषा एकट्यासाठी १५,६५० डॉलर, दोघांसाठी २१,१५०, चौघांसाठी ३२,१५०. तिच्या १०० ते ४०० टक्के उत्पन्न असलेल्यांना सबसिडी. म्हणजे वरची मर्यादा एकट्याला ६२,६००, दोघांना ८४,६००, चौघांना १,२८,६०० डॉलर. आकडे दरवर्षी बदलतात. अर्ज भरताना त्या वर्षाचे घ्या.

२०२१ ते २०२५ वाढीव सबसिडी होती आणि ४०० टक्क्यांच्या वरच्यांनाही मदत मिळायची. ती २०२५ च्या शेवटी संपली. २०२६ पासून ४०० टक्क्यांची रेषा पुन्हा कड्यासारखी झाली आहे: त्याच्या आत मदत, एक डॉलर पलीकडे शून्य.

सबसिडीचं गणित असं चालतं. तुमच्या भागातल्या चांदीच्या प्लॅनांपैकी (प्लॅनचे धातू चौथ्या पायरीत सांगते) दुसरा सर्वांत स्वस्त प्लॅन मापदंड धरतात. उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांइतका हप्ता तुम्ही द्यायचा, मापदंडातला उरलेला सरकार देतं. २०२६ साठी हे प्रमाण दारिद्र्यरेषेच्या आसपास २.१० टक्के, २०० टक्क्यांवर ६.६० आणि ३०० ते ४०० टक्क्यांत ९.९६ आहे.

साठीतल्या एका जोडप्याचं उदाहरण घ्या. उत्पन्न ८०,००० डॉलर. त्याचे ९.९६ टक्के म्हणजे ७,९६८, महिन्याला ६६४. समजा त्यांच्या भागात मापदंड प्लॅन दोघांना मिळून महिना २,००० डॉलरला आहे. सबसिडी महिना १,३३६, वर्षाला १६,०३२ डॉलर. आता याच जोडप्याचं उत्पन्न ८४,७०० झालं तर सबसिडी शून्य. मर्यादेवर शंभर डॉलर, आणि बिल पंधरा-सोळा हजारांचं. पूर्वी जास्त घेतलेली सबसिडी परत करताना कमी उत्पन्नवाल्यांना मर्यादा असायची. २०२६ च्या कर वर्षापासून ती मर्यादाही काढली, जास्त गेलेला प्रत्येक डॉलर परत द्यावा लागतो.

म्हणून उत्पन्नात काय काय मोजतात ते नीट बघा. पगार, धंद्याचा निव्वळ नफा, व्याज, लाभांश, शेअर विक्रीचा नफा, पारंपरिक ४०१(के) आणि आयआरए या निवृत्तीच्या बचत खात्यांमधून काढलेले पैसे, सोशल सिक्युरिटी म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन (करपात्र नसलेला भागही). रॉथ या प्रकारच्या निवृत्ती खात्यातून नियमात बसून काढलेली रक्कम मोजत नाहीत. भेट किंवा वारसा म्हणून मिळालेली रक्कमही नाही.

यापुढचं आपल्या लोकांसाठी खास. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यावरचं व्याज भारतात करमुक्त आहे, अमेरिकेत नाही. इथे कर भरणाऱ्याला ते रिटर्नमध्ये दाखवावं लागतं आणि विम्याच्या उत्पन्नात मोजावं लागतं. कोथरूडच्या फ्लॅटचं भाडं, बँकेतल्या मुदत ठेवीचं व्याज, पीपीएफचं व्याज, म्युच्युअल फंड, सगळं तसंच. आणि जमीन! ओळखीतल्या एका घराने गावाकडचा वाटणीतला प्लॉट विकला. भारतातला कर तिथे भरून झाला होता, म्हणून इकडे काही संबंध नाही असा त्यांचा समज. नफा इथल्या रिटर्नमध्ये आला आणि वर्षभराची सबसिडी निसटली. दुहेरी कर टाळण्याच्या सवलतीने इथला कर कमी होतो, पण विम्यासाठीचं उत्पन्न त्याने कमी होत नाही. विक्री कुठल्या वर्षी करायची हे तुमच्या हातात असेल तर कुणी मेडिकेअरवर जाईपर्यंत थांबता येतं का, याचा विचार करा.

अंदाज वरच्या मर्यादेजवळ जात असेल तर उत्पन्न कायदेशीर खाली आणण्याच्या वाटा आहेत. पारंपरिक आयआरएमध्ये भरणा (कमावतं उत्पन्न असेल तर), धंदा असेल तर सेप आयआरए किंवा सोलो ४०१(के) ही स्वतःचा धंदा असणाऱ्यांची निवृत्ती खाती, आणि एचएसए, म्हणजे उपचारांसाठीचं करसवलतीचं बचत खातं. २०२६ साठी एचएसएची मर्यादा एकट्याला ४,४००, कुटुंबाला ८,७५० डॉलर, वय ५५ पूर्ण असेल तर आणखी १,०००. आयआरए आणि एचएसएचा भरणा पुढच्या वर्षीच्या एप्रिलमधल्या कर भरण्याच्या तारखेपर्यंत करता येतो. डिसेंबरात म्युच्युअल फंड अचानक नफा वाटतात आणि अंदाज पाचेक हजारांनी चुकतो, तेव्हा ही मुदत उपयोगी पडते. आमच्या घरी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी बेरीज पुन्हा करते, दरवर्षी, न चुकता.

खालच्या टोकालाही रेषा आहे. इंडियानात दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांच्या आतल्या प्रौढांना राज्याचा हेल्दी इंडियाना प्लॅन मिळतो. पण ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षं झालेली नसतील तर तो बहुधा मिळत नाही. अशांना पूर्वी १०० टक्क्यांच्या खाली उत्पन्न असलं तरी मार्केटप्लेसवर सबसिडी मिळायची. २०२६ पासून तीही बंद.

नव्याने आलेल्या आई-बाबांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं. सलग पाच वर्षं इथे राहिल्याशिवाय त्यांना मेडिकेअर पैसे भरूनही घेता येत नाही, तोवर मार्केटप्लेसच. ते स्वतःचं रिटर्न एकत्र भरत असतील, मुलाने त्यांना अवलंबित दाखवलं नसेल, आणि भारतातलं भाडं, व्याज वगैरे धरून त्यांचं खरं उत्पन्न २०२६ मध्ये २१,१५० डॉलरच्या वर जात असेल, तर ते सबसिडीत बसतात. २२,००० डॉलर असेल तर मापदंड प्लॅन दोघांना मिळून महिना ३९ डॉलरच्या आसपास पडतो. तेच उत्पन्न १९,००० असेल तर पूर्ण किंमत, आणि सत्तरीतल्या जोडप्याची पूर्ण किंमत डोळ्यांत पाणी आणते. भारतातलं उत्पन्न दाखवायला घाबरणारी मुलं मी पाहिली आहेत. दाखवणं कायद्याने बंधनकारक आहेच, शिवाय कित्येकदा आई-बाबांच्या विम्याचा आधारच ते असतं. मात्र जे खरं आहे तेवढंच लिहा. पेन्शनवर भारत-अमेरिका करारातली वेगळी कलमं आहेत. त्यासाठी दोन्ही देशांचा कर समजणाऱ्या सल्लागाराला एकदा फी द्या, ती वाया जात नाही.

चौथी पायरी: धातू निवडणं

प्लॅन चार धातूंचे. सरासरी माणसाच्या खर्चापैकी कांस्य ६० टक्के उचलतं, चांदी ७०, सोनं ८०, प्लॅटिनम ९०. उपचार चारहींत तेच, फरक फक्त पैसे कधी द्यायचे याचा: दरमहा हप्त्यात, की आजारी पडल्यावर.

उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या २०० टक्क्यांपर्यंत असेल तर थांबून विचार करू नका, चांदीच घ्या. २५० टक्क्यांपर्यंतच्या घरांना चांदीवर आणखी एक सवलत लागते, जिने डिडक्टिबल (कंपनी पैसे देऊ लागण्याआधी आपण भरायची रक्कम) आणि कोपे (प्रत्येक भेटीला किंवा औषधाला आपण द्यायची ठरावीक रक्कम) खाली येतात. १५० टक्क्यांपर्यंत चांदीचा प्लॅन ९४ टक्के खर्च उचलतो, २०० पर्यंत ८७. म्हणजे चांदीच्या भावात सोन्याहून चांगलं. ही सवलत कांस्यावर मिळत नाही. ४५,००० डॉलर उत्पन्नाच्या चौघांच्या घराने शून्य हप्त्याच्या मोहात कांस्य घेतलं, तर अपेंडिक्सच्या एका शस्त्रक्रियेत हजारो डॉलरचं डिडक्टिबल अंगावर येतं. (अशा घरात मुलं इथे जन्मलेली असतील तर ती बहुधा राज्याच्या मुलांच्या योजनेत जातात आणि आई-वडीलच मार्केटप्लेसवर राहतात. एकाच घरात दोन विमे दिसले तर गोंधळू नका.)

२०० ते २५० टक्क्यांत ही सवलत अगदी थोडी, चांदी ७३ टक्क्यांवर जाते. त्याच्या वर चांदीला खास काही उरत नाही. २०१७ च्या ऑक्टोबरात केंद्राने या सवलतीचे पैसे कंपन्यांना देणं थांबवलं. तेव्हापासून कंपन्यांनी तो भार चांदीच्या हप्त्यात घातला. परिणामी काही काउंटींत सोनं चांदीइतक्याच किंवा कमी हप्त्यात मिळतं. नियमित औषधं, वर्षातून चार-सहा तज्ज्ञांच्या भेटी असलेल्या घराने सोनं तपासल्याशिवाय चांदीवर शिक्का मारू नये.

कांस्य कुणासाठी? ज्यांच्याकडे शिल्लक आहे आणि आजार फारसे नाहीत त्यांच्यासाठी. २०२६ पासून मार्केटप्लेसवरचा प्रत्येक कांस्य प्लॅन एचएसएला चालतो, त्यामुळे ८४,६०० च्या काठावरच्या जोडप्याला कांस्य दोन्ही बाजूंनी उपयोगी: हप्ता कमी आणि एचएसएमुळे उत्पन्नही कमी. आम्ही सध्या कांस्यावरच आहोत. पण त्या प्लॅनची वर्षाची कमाल मर्यादा, म्हणजे नेटवर्कमधल्या उपचारांपायी हप्त्याशिवाय वर्षभरात आपल्या खिशातून जास्तीत जास्त जाऊ शकते तेवढी रक्कम, मी वेगळ्या खात्यात ठेवली आहे. ती ठेवता येत नसेल तर कांस्य घेऊ नका, असंच मी सांगते. २०२६ मध्ये ही मर्यादा एकट्याला जास्तीत जास्त १०,६०० आणि कुटुंबाला २१,२०० डॉलर असू शकते.

तुलनेसाठी प्रत्येक प्लॅनला दोन बेरजा मांडा. चांगलं वर्ष: बारा हप्ते अधिक नेहमीच्या औषधांचा आणि भेटींचा खर्च. वाईट वर्ष: बारा हप्ते अधिक वर्षाची कमाल मर्यादा. बहुतेकदा दुसऱ्या बेरजेवरच निर्णय होतो. लसी, पंचेचाळिशीनंतरची आतड्याची तपासणी, मॅमोग्राम या गोष्टी नेटवर्कमध्ये सगळ्याच प्लॅनांत विनाशुल्क असतात, त्या बेरजेत धरू नका. मोठ्यांच्या दातांचं यात नसतं.

पाचवी पायरी: संकेतस्थळावर

खातं न उघडताही झिप कोड, वयं आणि उत्पन्न घालून प्लॅन व किमती बघता येतात. आधी तसंच बघा. एक झिप दोन काउंटींत पसरलेला असेल तर काउंटी विचारतात, तिथे घाईत चूक होते. अर्ज भरताना सोशल सिक्युरिटी नंबर, ग्रीन कार्ड, मागचं रिटर्न आणि उत्पन्नाचा तुमचा कागद शेजारी ठेवा.

नावाकडे विशेष लक्ष द्या. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. पासपोर्टवर ते पहिल्या नावात मिसळलेलं असतं, सोशल सिक्युरिटी कार्डावर गळालेलं, लग्नानंतर आडनाव एकीकडे बदललेलं आणि दुसरीकडे नाही. नाव जुळलं नाही की संकेतस्थळ कागद मागतं आणि साधारण ९० दिवसांची मुदत देतं. त्या पत्राकडे दुर्लक्ष झालं तर सबसिडी किंवा विमाच बंद होतो. सोशल सिक्युरिटी कार्डावरचं नाव अक्षर न अक्षर तसंच भरा, आणि कागद चढवल्यावर त्यांच्या पोचपावतीची प्रत ठेवा.

अडलं तर १-८००-३१८-२५९६ हा मार्केटप्लेसचा फोन. दुभाषी मागता येतो. प्रशिक्षित, मोफत मदत करणारे नॅव्हिगेटरही असतात, झिप कोडवरून संकेतस्थळावरच सापडतात. फोनवरून कुणी आपणहून 'याहून स्वस्त' काही देऊ करत असेल तर ती बहुधा अल्पमुदतीची पॉलिसी असते, किंवा दिवसाला ठरावीक रक्कम देणारी, किंवा धार्मिक गटांची खर्च वाटून घेण्याची योजना. या गोष्टी जुने आजार नाकारू शकतात आणि त्यांवर सबसिडी नाही.

प्लॅन निवडला म्हणजे विमा सुरू झाला असं नाही. पहिला हप्ता कंपनीला भरेपर्यंत तो सुरू होत नाही. सबसिडी घेणाऱ्याला नंतर हप्ता चुकला तर तीन महिन्यांची सवड असते, पण पहिल्या महिन्यानंतरची दवाखान्याची बिलं कंपनी अडकवून ठेवू शकते.

नोव्हेंबरची वाट बघता येत नाही तेव्हा

नोकरी गेली, लग्न झालं, बाळ झालं, नवं ग्रीन कार्ड मिळालं, तर त्या दिवसापासून ६० दिवसांत विमा घेता येतो. नोकरीचा विमा संपणार हे आधी कळलं असेल तर ६० दिवस आधीही अर्ज चालतो, म्हणजे मध्ये खंड पडत नाही. कंपनी कोब्राचा, म्हणजे तोच जुना विमा स्वतःच्या खर्चाने चालू ठेवण्याचा कागद देते. तो महाग असतो, पण वर्षाचं डिडक्टिबल भरून झालेलं असेल किंवा उपचार अर्ध्यावर असतील तर डिसेंबरपर्यंत कोब्रा परवडू शकतो. मात्र कोब्रा घेऊन मार्च-एप्रिलमध्ये मनाने सोडलात तर त्या कारणावरून मार्केटप्लेसचं दार उघडत नाही, थेट नोव्हेंबर. हे ६० दिवसांच्या आत ठरवा.

वर्षभर, आणि एप्रिलपर्यंत

उत्पन्न बदललं, पत्ता बदलला, मुलगा नोकरीला लागून स्वतःचं रिटर्न भरू लागला, की महिन्याभरात संकेतस्थळावर नोंदवा. दरवर्षी प्लॅन आपोआप पुढे ढकलू देऊ नका. मापदंड प्लॅन बदलला की तुमचा तोच प्लॅन महाग होतो, आणि नेटवर्क बदललेलं असू शकतं. दवाखान्यांचे फोन पुन्हा, दर वर्षी.

जानेवारी अखेर-फेब्रुवारीच्या सुमारास १०९५-ए हा फॉर्म येतो, टपालाने किंवा खात्यात. त्यावरच्या सबसिडीच्या रकमा आपल्या बिलांशी जुळतात का ते बघा, मग ८९६२ हा फॉर्म भरून रिटर्नला जोडा. १०९५-ए हातात येण्याआधी रिटर्न पाठवू नका, आणि ८९६२ विसरू नका. तो जोडला नाही तर पुढच्या वर्षांची सबसिडी अडते. आई-बाबांचं रिटर्न वेगळं असेल तर त्यांचा फॉर्मही वेगळा येतो, बहुतेकदा त्यांच्याच नावाने तुमच्या पत्त्यावर. आईंना सांगून ठेवा, इंग्रजी पाकीट आलं की ते मुलांच्या टेबलावर ठेवायचं, कोपऱ्यातल्या रद्दीत नाही.